आमची मुले पुस्तकांविषयी काय बोलतात?
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



मंडळाने यंदा आमच्याकडे 'आजची पिढी आणि वाचन' हा विषय सोपविला. या विषयावर काय बोलावयाचे असते हे आपण सर्वजण जाणता. मुले वाचीत नाहीत, मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यात डोके खुपसून बसतात, आमच्या वेळी असे नव्हते, एवढे म्हटले की वक्त्याचे काम संपते आणि टाळ्याही पडतात. आम्ही ते बोलणार नाही. गेली दोन वर्षे उन्हाळ्याच्या सुटीत, अमरावतीस आणि अकोल्यास, तेरा ते सतरा वर्षांची काही मुले-मुली आठवड्यातून एकदा एकत्र बसून वाचलेल्या कथा-कादंबऱ्यांविषयी आपसांत बोलतात. त्या बैठकींत कोपऱ्यात बसून ऐकण्याची संधी आम्हांस लाभली. जे ऐकले ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच आमचा हेतू आहे. मुलांची नावे सांगणार नाही. ती या मंडपातच बसली आहेत, आणि त्यांचे आईबापही.

वऱ्हाडातला उन्हाळा आपल्या परिचयाचा आहे. पारा पंचेचाळिसावर गेला की दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडणे शक्य नसते. कूलरमध्ये पाणी भरावे, दारे लोटावीत आणि पडून राहावे. वाचनास याहून अनुकूल काळ कोणता? परंतु केवळ वेळ मिळाला म्हणून कोणी वाचीत नाही. वाचलेले कुणास तरी सांगावयाचे आहे, हे ठाऊक असले म्हणजे मूल वाचते, असे आमच्या ध्यानी आले.

आता 'कुमार वाङ्मय' म्हणजे काय, याविषयी थोडे. आपल्याकडे बालवाङ्मय आहे आणि प्रौढांचे वाङ्मय आहे. मधल्या वयाच्या मुलामुलींस काय द्यावे, याचा विचार त्या मानाने उशिरा झाला. अमेरिकेत 1967 साली एस. ई. हिंटन नावाच्या मुलीची 'द आउटसायडर्स' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ती लिहू लागली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तेथे या वयाच्या वाचकांकरिता वेगळे वाङ्मय मानले जाऊ लागले, त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा मानतात. आपल्याकडे बालभारतीने नोव्हेंबर 1971 मध्ये 'किशोर' मासिक सुरू केले, आणि आज येथे बसलेल्या कित्येक गृहस्थांस त्याच्या दिवाळी अंकाची वाट पाहिल्याचे स्मरत असेल. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर त्याही आधीपासूनचा. परंतु खोलात जाऊन पाहिले, तर या वाङ्मयाची एक पणजी आपल्या ओळखीची आहे. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 1890 पासून 'करमणूक' पत्रात क्रमशः येऊ लागली. ती सांगते कोण? यमू नावाची मुलगी, आणि तीही आपल्या बाळपणापासून. हेच हरिभाऊ 1912 साली अकोल्यास भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हे अकोलेकरांनी तरी विसरू नये.

या यमूची गोष्ट एका सोळा वर्षांच्या मुलीने बैठकीत सांगितली. पुस्तक जुने, भाषा जुनी, पाने पुष्कळ. आम्हांस वाटले, मुले कंटाळतील. तिने कथानक फारसे सांगितलेच नाही. ती म्हणाली, "यमूच्या लग्नाचं सगळे बोलतात, यमूशी कोनीच बोलत नाई." मग तिने पिशवीतून आपल्या मंडळाची गेल्या वर्षीची स्मरणिका काढली आणि वधू-वर सूचीची पाने उघडून दाखविली. वर्ण, उंची, शिक्षण, वडिलांचा व्यवसाय, अपेक्षा. "यात मुलीले काय आवडते, तो रकानाच नाई." सभासदहो, 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविले, 1978 च्या दुरुस्तीने ते अठरा झाले, यमूच्या काळापासून आपण बरेच चाललो आहोत हे खरे. तरीही त्या रकान्याच्या प्रश्नास आम्हांपाशी उत्तर नव्हते. संपादक मंडळापाशी असल्यास त्यांनी ते द्यावे. सूची याच अंकात पुन्हा छापली जात आहे.

वडीलधाऱ्यांस 'श्यामची आई'विषयी मुलांनी काय म्हणावे असे वाटते, ते आम्ही जाणतो. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले, 1935 साली ते प्रसिद्ध झाले, 1953 साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला, आणि तेव्हापासून आपल्या घरांत ते पूजेच्या पुस्तकासारखे आहे. अकोल्याच्या बैठकीत एक चौदा वर्षांचा मुलगा उठला आणि म्हणाला, "श्याम लई रडते." दाराशी उभे असलेले एक ज्येष्ठ सद्गृहस्थ संतापले, मुलास त्यांनी तेथल्या तेथे गप्प बसविले असते. पण त्याच क्षणी दुसऱ्या मुलाने त्याला उत्तर दिले. तो म्हणाला, श्याम रडतो ते तेव्हा नाही, आता. मोठा झाल्यावर मित्रांना सांगताना रडतो, आणि मित्र त्याला हसत नाहीत. पुढे अर्धा तास त्यावरच वाद चालला. आम्ही घरी येऊन पुस्तक पुन्हा उघडले. खरेच, त्यातल्या बेचाळीस रात्री म्हणजे आश्रमातल्या मित्रांची बैठकच आहे: एकाने सांगावे, इतरांनी ऐकावे, मध्येच विचारावे. आम्ही हे पुस्तक किती वेळा वाचले असेल, परंतु त्याच्या या बांधणीकडे आमचे लक्ष एका चौदा वर्षांच्या मुलाच्या आगाऊ वाक्यामुळे गेले. त्याला गप्प बसविले असते तर दुसरा बोललाच नसता.

फास्टर फेणेवर मुलांचे एकमत आहे. पुण्याच्या विद्याभवनातला, फुरसुंगीचा हा बनेश फेणे त्यांच्या आजोबांस आवडला, 2017 साली त्याच्यावर चित्रपट निघाला, आणि यांनाही तो आवडतो. तक्रार एकच. ती परतवाड्याहून आलेल्या एका मुलाने मांडली: "तो प्रतापगडावर गेला, मंग नरनाळ्यावर काहून नाई आला?" यावर जी झुंबड उडाली ती काय वर्णावी! कोणी त्याला गाविलगडावर चढविले, कोणी मेळघाटात वाघाच्या मागे धाडले. एकाने तर मूर्तिजापुराहून अचलपुराकडे जाणाऱ्या, आता बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांवर चोरांचा पाठलाग लावून दिला. आम्ही हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मराठी मुलांच्या साहसाची वाट बहुधा पुण्यामुंबईवरून जाते. आपल्या मुलास आपले गाव साहसास नालायक वाटू लागले, तर त्याने दहावीनंतर गाव सोडण्याचीच स्वप्ने पाहिली तर त्यात नवल काय? (सोडू नये असे आमचे म्हणणे नाही. गो. नी. दांडेकर 1916 साली परतवाड्यासच जन्मले आणि कोवळ्या वयात घर सोडून निघाले. पण 'पूर्णामायची लेकरं' लिहिण्यास ते मनाने पूर्णेच्या काठी परतले.)

भाषेची गोष्ट निघाली आहे तर उद्धव शेळके यांच्या 'धग'विषयी सांगितलेच पाहिजे. ही कादंबरी 1960 ची, आणि ती मुलांसाठी लिहिलेली नाही. आम्ही ती यादीत ठेवलीही नव्हती. एका पंधरा वर्षांच्या मुलाने आपण होऊन आणली. प्रथम तो भाषेवरच थांबला. "काका, हे तं आमच्या आजीवानी बोलते. पुस्तकात असं चालते काय?" त्याला शाळेत 'मले-तुले' म्हटल्याबद्दल वर्गात हसले होते, हे त्याने मागाहून सांगितले. छापील अक्षरात आपल्या घरची बोली पाहून त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते पाहण्यासाठी आम्ही पुन्हा दहा उन्हाळे त्या कोपऱ्यात बसू. मग तो कौतिकविषयी बोलू लागला: शिंप्याच्या घरातली, संसाराची धग एकटीने सोसणारी, मुलाने शिकावे म्हणून झिजणारी. बोलता बोलता तो अडला. जरा वेळाने म्हणाला, "आमच्या घरी बी मायच मशीन चालवते." एवढेच.

आपल्यापैकी कित्येकांस ठाऊक नव्हते की त्या घरी असे दिवस आहेत. संमेलनास ते कुटुंब नीटनेटके कपडे घालून येते, वर्गणी देते, हसून बोलते. त्या दिवशी आणखी कोणी बोलले नाही. पुढच्या आठवड्यात मात्र दोन मुलांनी 'धग' मागितली, आणि त्यांपैकी एकीने वडिलांच्या कर्जाविषयी सांगितले. यावर एका सभासदांनी आम्हांस बजावले की घरच्या गोष्टी चव्हाट्यावर येऊ लागल्या, हे बरे नव्हे. आमचे मत निराळे आहे. मंडळाचा शिष्यवृत्ती निधी आहे. त्याचे अर्ज दरवर्षी त्याच त्या घरांतून येतात, कारण ज्यांना खरी गरज आहे ते लाजेने अर्ज करीत नाहीत. समितीने घरोघर फिरून जे कळले नसते, ते एका कादंबरीमुळे कळले. यंदा दोन अर्ज नवे आले आहेत. त्यांविषयी अधिक बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही.

आता अवघड भागाकडे येतो. मंडळाची वाचन-वक्तृत्व स्पर्धा आपण जाणता. पाच मिनिटे वेळ, परीक्षक तिघे, गुणपत्रिकेत 'पुस्तकातून मिळालेला बोध' यास सर्वाधिक गुण. गेल्या वर्षी एका नववीतल्या मुलीने मिलिंद बोकील यांची 'शाळा' निवडली. कादंबरी 2004 ची. आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गाची, त्यातल्या मुकुंदाची आणि शिरोडकर नावाच्या मुलीकडे ओढल्या जाणाऱ्या त्याच्या मनाची. मुलीस सांगण्यात आले की दुसरे पुस्तक घे. तिने घेतले, बोलली, तिसरे बक्षीसही मिळविले. ते भाषण आम्ही ऐकले. तसे भाषण कोणत्याही पुस्तकावर करता आले असते.

स्पर्धा आटोपल्यावर मांडवामागे, पाण्याच्या टाकीपाशी, हीच मुलगी चार मैत्रिणींस 'शाळा'विषयी सांगत होती. आम्ही मुद्दाम थांबलो. ती म्हणत होती, "सगळं मुकुंदच सांगते. तिले काय वाटलं, ते कोनीच इचारलं नाई. तिच्या घरी काय झालं असन?" भगिनींनो, विचार करा. मोठमोठ्या समीक्षकांस सुचावा असा हा प्रश्न आहे: गोष्ट सांगणारा कोण, आणि ज्याची गोष्ट सांगितलीच गेली नाही तो कोण. आणि यात कोणता अनाचार आहे? मुलगी पुस्तकातल्या मुलीची काळजी करीत आहे. हे तिने आपल्यापुढे बोलावे की टाकीमागे, एवढाच निवाडा आपल्या हाती आहे; बोलणे थांबविणे आपल्या हाती नाही.

आम्ही सरसकट मोकळीक द्या असे म्हणत नाही. काही पुस्तके तेराव्या वर्षी देऊ नयेत, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु दिलेच, तर त्यावरचे बोलणे त्यांचे त्यांना करू द्यावे. बैठकीत वडील मनुष्य असावा, त्याने शिस्त पाहावी, वेळ पाहावी. पुस्तकाचे तात्पर्य सांगू नये. हे कठीण आहे. आम्हांस दर बैठकीस तीन-चारदा जीभ आवरावी लागते.

एक आक्षेप असाही आला की, बैठकीत समाजाबाहेरची मुले येतात. येतात. वर्गमित्र आहेत, शेजारी आहेत. समाजाच्या पैशाने घेतलेली पुस्तके बाहेर का जावीत, असे विचारले गेले. त्यावर आम्ही एवढेच म्हणतो की, आपण ज्या अमरावतीत राहतो तेथे डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढले, ते सर्व जातींच्या मुलांकरिता. तेथे एकत्र जेवून शिकलेल्यांची नातवंडे आज या मंडपात आहेत. त्यांनी तरी पुस्तकाच्या कपाटास जातीचे कुलूप घालण्याचा आग्रह धरू नये.

कपाटाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मंडळाच्या कार्यालयातील दोन कपाटांच्या किल्ल्या आजवर चिटणीसांपाशी असत. कार्यालय उघडे असेल त्या वेळीच पुस्तक मिळे, आणि ते बहुधा बंद असे. कार्यकारिणीने गेल्या बैठकीत ठराव करून एक किल्ली मुलांच्या हाती दिली आहे. नोंदवही तीच ठेवतात. गेल्या तीन महिन्यांत दोन पुस्तके परत आलेली नाहीत. त्यांपैकी एक चिटणीसांच्याच घरी आहे, असे नोंदवहीवरून दिसते.

येत्या सुटीतले पहिले पुस्तक मुलांनी स्वतः ठरविले आहे: प्रकाश नारायण संत यांचे 'वनवास'. त्यातला लंपन बेळगावाकडचा, त्याची बोली कानडी वळणाची. वऱ्हाडी मुलांस ती कशी लागते ते पाहण्याची आम्हांस उत्सुकता आहे. अमरावतीस पहिली बैठक शाळांची परीक्षा संपल्यानंतरच्या रविवारी सायंकाळी सहा वाजता, अकोल्यास त्याच आठवड्याच्या बुधवारी. मंडळापाशी प्रती चार आहेत, आणखी सहा लागतील. ज्यांना देता येतील त्यांनी कोषाध्यक्षांकडे नाव नोंदवावे.