कण केवढा?
(विज्ञान दिनानिमित्त शाळेत केलेले भाषण)



आई पीठ चाळते, तेव्हा कोंडा चाळणीत राहतो आणि पीठ खाली पडते. म्हणजे चाळणी हेही कण मोजण्याचे एक साधनच की! पण भोकापेक्षा लहान असलेले सगळे कण एकदम खाली जातात. त्यांतला लहान कोणता, मोठा कोणता, हे चाळणी सांगत नाही.

आणि ते कळणे फार गरजेचे असते. दम्याच्या रोग्याला औषधाची भुकटी श्वासाबरोबर आत ओढावी लागते. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर एक भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. आपला केस साधारण सत्तर मायक्रोमीटर जाड असतो. औषधाचा कण मात्र एक ते पाच मायक्रोमीटरचाच हवा. मोठा कण घशातच चिकटतो. मग रोग्याने औषध घेऊनही त्याचा जीव घुसमटतोच.

एवढासा कण मोजायचा कसा? लंडनमध्ये थॉमस यंग नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी एका पत्र्याला भोक पाडून मागे दिवा ठेवला. डोळ्यासमोर लोकरीचे बारीक तंतू धरले. तेव्हा उजेडाभोवती रंगीत कडे दिसले! तंतू जितके बारीक, तितके कडे मोठे. या युक्तीने त्यांनी रक्तातल्या पेशीही मोजल्या. ही युक्ती त्यांनी १८१३ साली पुस्तकात लिहून ठेवली. त्यांच्याजवळ साधा दिवाच होता.

लेझरचा प्रखर, एकरंगी झोत १९६० साली माणसाला मिळाला. पुढे इंग्लंडमधील माल्व्हर्न या डोंगराच्या कुशीतल्या गावात लेझरने कण मोजणारी यंत्रे तयार होऊ लागली. झोत कणांवर पडला, की प्रकाश पसरतो. मोठे कण तो थोडाच वळवतात, लहान कण दूरवर फेकतात. तो कोठे किती पडला, यावरून यंत्र कणांचे आकारमान काढते.

मग कोणतेही यंत्र घ्यावे का? छे! आधी विचारावे, मोजायचे काय? साखरेची पिठी पाण्यात टाकली, तर विरघळूनच जाईल. तिच्यासाठी हवेच्या झोतात कण उडवणारे यंत्र हवे. रंगाचे कण पाण्यात मोजता येतात. काही कण मायक्रोमीटरच्याही शंभराव्या भागाएवढे असतात. त्यांना वेगळेच यंत्र लागते. पाण्यात असे कण सारखे थरथरत असतात. ही थरथर रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२७ साली सूक्ष्मदर्शकातून पाहिली होती. लहान कण जलद हलतो, मोठा सावकाश. लेझर ती हालचाल टिपतो आणि त्यावरून कण केवढा ते कळते.

एक गंमत मात्र ध्यानात ठेवा. चिवड्याचा डबा हलवला, की मीठमसाला तळाशी जातो. बरणीतल्या भुकटीचेही तसेच होते. वरवरची चिमूट घेतली, तर महागडे यंत्रही फसते. म्हणून प्रयोगशाळेत भुकटी आधी नीट कालवतात, आणि मगच चिमूट यंत्रात टाकतात.