अवघड गणित कोणाचे?

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील कार्यकर्ते आणि शिक्षक यांच्यासमोर सांगली येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



उसाचा दर, दुष्काळी तालुक्यांचे पाणी, खेड्यांतील शाळांचे भवितव्य, हे आपले नेहमीचे विषय. ते बाजूला ठेवून मी आज शालेय मुलांच्या गणित स्पर्धांतील अवघड प्रश्नांविषयी बोलणार आहे, याचे काहींना नवल वाटले असेल. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तर मला सरळच विचारले, "मुलांना साधा भागाकार येत नाही अशी ओरड असताना ही मूठभर हुशारांची चैन आपल्याला हवी कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याला बगल न देता त्याचेच उत्तर देण्याचा मी प्रयत्न करतो.

प्रथम, हा अवघड प्रश्न म्हणजे काय, ते पाहू. १९५९ साली रुमानियात पहिले आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड भरले. सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपातील साम्यवादी देश मिळून सात राष्ट्रे त्यात उतरली होती. त्या स्पर्धेतला अगदी पहिला प्रश्न असा : न ही कोणतीही नैसर्गिक संख्या घेतली, तरी (२१न + ४) / (१४न + ३) हा अपूर्णांक अधिक संक्षिप्त करता येत नाही, म्हणजे अंश आणि छेद यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसतो, हे सिद्ध करा.

न च्या जागी १ घातला तर २५/१७ मिळतात, २ घातला तर ४६/३१. दोन्ही ठिकाणी विधान खरे ठरते. परंतु अशा हजार किमती तपासल्या तरी सिद्धता होत नाही, कारण संख्यांना अंत नाही. आता छेदाची तिप्पट करा : ४२न + ९. अंशाची दुप्पट करा : ४२न + ८. दोहोंतील फरक १. ज्या संख्येने अंश आणि छेद या दोहोंना भाग जातो, तिने त्यांच्या पटींनाही भाग जातो आणि त्या पटींच्या फरकालाही जातो. हा फरक १ आहे, आणि १ ला १ खेरीज दुसऱ्या कोणत्या नैसर्गिक संख्येने भाग जातो? सिद्धता संपली.

यात कोणते उच्च ज्ञान लागले? मसावि आणि अक्षरांची बेरीज-वजाबाकी, एवढेच. जत किंवा माण तालुक्यातील नववीच्या मुलीला ते शाळेत शिकवलेले असते. प्रयोगशाळा नको, यंत्र नको, पेन्सिल आणि कागद पुरे. मग ती मुलगी या स्पर्धांत का दिसत नाही? कारण ज्या दोन गोष्टी येथे खरोखर लागतात, त्या पुस्तकात नसतात. पहिली गोष्ट म्हणजे मोकळा वेळ. असा प्रश्न दोन-दोन दिवस डोक्यात घोळवावा लागतो. आईबाप ऊसतोडीला गेले आणि धाकटी भावंडे आपल्या पदरात पडली, की तो वेळ उरत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे चुकलेली वाट पाहून "येथपर्यंत बरोबर आहे, पुढे विचार कर" असे म्हणणारे माणूस. ते शहरात खाजगी क्लासमध्ये फी भरून मिळते. विषमता येथे शिरते. प्रश्न सर्वांना सारखाच अवघड असतो. त्याच्यापर्यंत जाणारी वाट मात्र पैशाने आखली जाते, आणि त्या वाटेच्या टोकाला जो पोचतो त्याला आपण 'गुणवंत' म्हणतो.

आपल्या देशाचा संघ १९८९ पासून या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतो. १९९६ साली ती मुंबईत भरली होती. २०२४ साली ब्रिटनमधील बाथ येथे भारत चौथा आला, चार सुवर्णपदके मिळाली. याचा आनंद अवश्य मानावा. परंतु संघात मुले असतात फक्त सहा. समाजवाद्याने पाहावयाचे ते शिखराकडे नव्हे, पहिल्या पायरीकडे. त्या पायरीवर उभे राहण्याची संधी किती गावांना मिळाली, हा आपला प्रश्न आहे.

आता सहकाऱ्यांच्या आक्षेपाकडे वळतो. आधी सर्वांना भागाकार, मग थोड्यांना कूटप्रश्न, हा क्रम वरवर न्याय्य दिसतो. पण त्याचा व्यवहारातला अर्थ काय होतो? श्रमिकांच्या मुलांनी भागाकारापाशी थांबावे आणि सिद्धतेचा आनंद इतरांनी घ्यावा, असा होतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हा क्रम मानला नाही. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि सर्व जातींची मुले एका वसतिगृहात, एका पंगतीत आणली. खेडी साक्षर होण्याची वाट पाहत ते बसले नाहीत. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले, तेव्हा जिल्ह्यातील बहुसंख्य माणसे निरक्षरच होती. पाया आणि कळस दोन्ही एकाच वेळी मागण्याचा अधिकार बहुजनांना आहे, हेच त्यांनी कृतीने सांगितले.

'गुणवत्ता' या शब्दाचा वापर आपल्या देशात सामाजिक न्यायाविरुद्ध हत्यारासारखा झाला आहे, ही गोष्ट मी विसरत नाही. म्हणूनच हे क्षेत्र सोडून देणे मला धोक्याचे वाटते. गणिती सिद्धतेइतकी लोकशाहीवादी वस्तू विरळा. ती कोणी मांडली, त्याची जात काय, त्याचे इंग्रजी कसे, याला तेथे किंमत नाही. पायरी चुकली तर प्राध्यापकालाही माघार घ्यावी लागते, आणि ती चूक दाखवण्याचा अधिकार तेरा वर्षांच्या मुलालाही असतो. अधिकारी सांगतो म्हणून खरे न मानता कारण विचारण्याची ही सवय. १९४२ नंतर ज्या मुलखाने प्रतिसरकार चालवले आणि आपले न्यायनिवाडे आपल्या गावात केले, त्याला ही सवय परकी वाटू नये.

हे घडवून आणावयास राजधानी लागत नाही. हंगेरीतील ज्यॉर या गावी दानिएल आरान्य नावाचा एक शाळामास्तर होता. १८९४ साली त्याने मुलांसाठी गणिताचे एक मासिक काढले. दर महिन्यास प्रश्न द्यावयाचे आणि मुलांनी पाठवलेली उत्तरे त्यांच्या नावानिशी छापावयाची, एवढाच उद्योग. त्या मासिकातील प्रश्न सोडवीत हंगेरीतील गणितज्ञांच्या पिढ्या वाढल्या. पॉल एर्डोस त्यांतलाच. आणि आपल्याकडे? देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर १९६२ साली सेवानिवृत्त होईपर्यंत फळ्यापाशीच उभे होते. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेले की अखेर ६१७४ येते (चारही अंक सारखे असले तर मात्र नाही), हे त्यांनी शोधले. १९७५ साली अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे त्यांच्याकडे लक्ष गेले. आपल्या शिक्षकाची थोरवी आपल्याला परदेशातून कळावी, ही आपली लाज आहे.

म्हणून माझ्या सूचना अगदी साध्या आहेत. प्रत्येक शाळेत आणि गावच्या वाचनालयात एका फळ्यावर दर सोमवारी एक प्रश्न मराठीत लिहावा. मुदत आठवड्याची, उत्तरे एकट्याने किंवा मिळून, आणि क्रमांक काढावयाचे नाहीत. अपुऱ्या उत्तरातील बरोबर पायरीसुद्धा फळ्यावर नावासह लिहावी. तालुक्याला एक गणित शिक्षक या कामासाठी आठवड्यातून एक दिवस मोकळा करावा, कागदपत्रांच्या आणि सर्वेक्षणांच्या ओझ्यातून त्याला सोडवावे, ही मागणी जिल्हा परिषदेकडे आपण लावून धरावी. स्पर्धेची पहिली परीक्षा व तिची पूर्वतयारी मराठीत आणि तालुक्याच्या गावी व्हावी, हीही मागणी असावी. आपल्यातील जे निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी मागणी मान्य होण्याची वाट पाहू नये. खडू फार महाग नाही.

विट्याच्या परिसरातील गलाई कारागीर देशाच्या कानाकोपऱ्यात जाऊन सोन्याचा कस काढतात. आपल्या मुलांचा कस काढण्याचे काम आपण क्लासचालकांवर सोपवले आहे. ते परत आपल्या हाती घ्यावयाचे आहे.

जाता जाता पहिल्या सोमवारचा प्रश्न देऊन ठेवतो. १९४७ साली हंगेरीतील शालेय स्पर्धेत विचारला गेलेला हा प्रश्न मी आपल्या भाषेत मांडतो. कोणत्याही बैठकीला सहा माणसे जमली, तर त्यांत परस्परांना ओळखणारे तिघे तरी असतात, नाही तर परस्परांना सर्वस्वी अनोळखी असे तिघे तरी असतात. ओळख दोन्ही बाजूंनी धरावी. हे नेहमीच खरे असते, हे सिद्ध करा. त्यासाठी अक्षरगणितही लागत नाही. उत्तर मी सांगणार नाही. आपापल्या गावी जा, सहा ठिपके काढा, आणि शेजारच्या नववीतल्या मुलीला सोबत घेऊन बसा. आपल्या आधी तिला उत्तर सापडले, तर ते तिच्याकडून समजून घ्या आणि फळ्यावर तिचे नाव लिहा.