केस गळतायत? आधी रक्त तपासून घेऊ या

(संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंदिराच्या सभागृहात एका फार्मसिस्ट भगिनींनी केलेले हे भाषण. त्या दिवशी येऊ न शकलेल्या अनेकींनी मागणी केल्यामुळे ते येथे देत आहोत.)



तिळगूळ घेऊन गोड बोलायचा हा दिवस. पण विश्वस्तांनी मला आरोग्यावर पंधरा मिनिटं दिली आहेत, म्हणून थोडं कडूही बोलणार आहे. विषय आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे, केस गळण्याचा.

इथे लंडनमध्ये केमिस्टच्या काउंटरमागे मी २२ वर्षं काढली. "केस फार गळतात हो, काहीतरी चांगलं द्या," असं म्हणत आलेल्या आपल्या बायका किती पाहिल्या, त्याची गणतीच नाही. कुणी तेल नेतं, कुणी शाम्पू, कुणी बायोटिनच्या गोळ्या. "इथलं पाणीच जड, म्हणून केस जातात," हे तर प्रत्येकीकडून ऐकलं. "तुम्ही हल्ली रक्त कधी तपासलंत?" असं मी विचारलं की बहुतेक जणी हसायच्या. केसांचा आणि रक्ताचा काय संबंध?

संबंध आहे. तो मला पुस्तकातून माहीत होता, पण माझ्याच घरात तो ओळखायला मी चुकले. ती गोष्ट आधी सांगते. ज्यांची गोष्ट आहे त्या माझ्या सासूबाई इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि त्यांनीच मला "सांग सगळं" असं बजावलं आहे.

आईंचा अंबाडा आमच्या घराण्यात प्रसिद्ध. त्याला आठ आकडे लागायचे. सात वर्षांपूर्वी, त्या ६७ वर्षांच्या असताना, ते चारावर आले. फणीत केसांचा पुंजका यायला लागला. पुतणीचं लग्न जवळ आलं होतं, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "अगं, दादरहून एक गंगावन मागवशील का?" आणि मी, औषधं विकणारी बाई, हो म्हणाले. गंगावन मागवलं. वय झालं की केस जायचेच, असं मनाशी ठरवून टाकलं. जिना चढताना त्या मध्ये थांबायच्या, तेही वयाच्याच खात्यात टाकलं. लग्नानंतर दोन महिन्यांनी त्या याच मंदिराच्या पायऱ्यांवर मटकन खाली बसल्या. हॉस्पिटलात नेलं तर हिमोग्लोबिन ६८. पुढे काय झालं ते नंतर सांगते. आधी हे आकडे समजून घेऊ.

भारतातल्या रिपोर्टवर आपण १२, १३ असे आकडे वाचतो. इथे ते दहापट दिसतात, कारण इथे एका लिटरमागे किती ग्रॅम ते मोजतात. तिकडचे १२ म्हणजे इथले १२०. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२० पेक्षा कमी, गरोदर बाईचं ११० पेक्षा कमी आणि पुरुषाचं १३० पेक्षा कमी असेल तर त्याला रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया, म्हणतात. रक्तक्षयाची कारणं अनेक असतात, पण सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे लोहाची कमतरता.

आपल्या शरीरात सगळं मिळून लोह असतं जेमतेम तीन ते चार ग्रॅम. त्यातलं बहुतेक रक्तात प्राणवायू वाहण्याच्या कामी लागतं. उरलेलं साठ्यात ठेवलेलं असतं, फेरिटिन या रूपात. खर्च वाढला आणि आवक घटली की आधी साठा रिकामा होतो आणि मग हिमोग्लोबिन उतरतं. म्हणून नुसतं हिमोग्लोबिन पाहून भागत नाही, फेरिटिनही बघावं लागतं. ते ३० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर साठा संपल्यात जमा समजावा. अंगात ताप किंवा सूज असेल तर मात्र साठा रिकामा असूनही हा आकडा फुगलेला दिसू शकतो, म्हणून रिपोर्टचा अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यायचा.

आता केसांकडे येते. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज ५० ते १०० गळणं हे निरोगी माणसातही होतंच. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने नुसता थांबतो आणि गळून पडतो. केसाच्या मुळाशी ज्या पेशी असतात, त्या शरीरातल्या सगळ्यात वेगाने वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत. नवी पेशी तयार करायला जे एन्झाइम लागतं, त्याला लोह हवं असतं. लोह कमी पडलं की बरेच केस वेळेआधीच वाढ थांबवतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळायला लागतात. म्हणजे आज संक्रांतीला केस जात असतील, तर दिवाळीच्या सुमारास काय झालं होतं ते आठवून बघा. आजारपण, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, पाळीत जास्त रक्त जाणं, की वजन कमी करायला केलेला कडक उपास?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. रक्तक्षय नाही, फक्त साठा थोडा कमी आहे, अशा वेळी केस त्यामुळेच गळतात का, यावर डॉक्टरांमध्ये अजून एकमत नाही. आणि केस जाण्याची इतर कारणंही असतात: थायरॉइड, बाळंतपणानंतरचे महिने, पीसीओएस, आनुवंशिक विरळपणा, घट्ट ओढून बांधलेल्या वेण्या. म्हणून तर तपासायचं. तपासल्याशिवाय तेल बदलणं म्हणजे छत गळत असताना रोज नवी बादली विकत आणणं.

केसांबरोबर आणखी काय दिसतं, तेही लक्षात ठेवा. सतत थकवा, जिना चढताना धाप, छातीत धडधड, फिकट चेहरा, सहज तुटणारी नखं, जीभ हुळहुळी होणं. बर्फ, माती किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणं, हेही लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं. लाजून लपवू नका, डॉक्टरांना सांगा. आणि छातीत दुखत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, शुद्ध हरपत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता ९९९ ला फोन करा.

आता आपलं ताट. १९ ते ४९ वयाच्या बाईला रोज साधारण १४.८ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला ८.७. शाकाहारी जेवणातलं लोह शरीरात कमी शोषलं जातं, पण ते वाढवता येतं. मोड आलेल्या मटकीची उसळ करा आणि वर लिंबू पिळा. मोड आले की धान्यातला लोह अडवून ठेवणारा भाग कमी होतो आणि लिंबातलं क जीवनसत्त्व शोषण वाढवतं. चवळी, कुळीथ, मेथी, राजगिरा, तीळ हे सगळं चांगलंच. आज वाटलेल्या तिळगुळातही थोडं लोह आहे, पण रक्तक्षय तिळगुळाने बरा होत नाही. बाळंतिणीला हळिवाचे लाडू द्यायची आपली पद्धत खरंच शहाणपणाची आहे. आजीची लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढा. तिच्यात टोमॅटो किंवा आमसूल घालून भाजी केली की थोडं लोह भाजीत उतरतं. मांसाहार करणाऱ्यांना मटण आणि मासे यांतून लोह जास्त सहज मिळतं. सकाळचं सीरियल घेताना खोक्यावर लोह घातल्याची नोंद आहे का तेही पाहा.

आणि आपला चहा! जेवणाबरोबर चहा घेतला तर जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहूनही कमी होऊ शकतं. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तर मला इथून कुणी जाऊ देणार नाही. फक्त जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. उपासाचंही तसंच. चतुर्थी, सोमवार, गुरुवार जरूर करा, पण साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं. त्याच दिवशी राजगिरा घ्या, मूठभर दाणे घ्या. देवाला आपली भक्ती हवी आहे, आपलं हिमोग्लोबिन नको.

रक्तक्षय झाल्यावर मात्र नुसत्या जेवणाने भागत नाही, गोळ्या लागतात. बहुतेकांना दिवसाला एक पुरते. संत्र्याच्या रसाबरोबर घ्या. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर घेऊ नका. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका, पण डांबरासारखं चिकट काळं दिसलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा. पोट बिघडलं तर गोळी परस्पर बंद करू नका. डोस किंवा दिवसाआड घेण्याबद्दल विचारा. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरायला आणखी तीन महिने गोळ्या सुरू ठेवतात. आपल्या बायका इथेच चुकतात, बरं वाटलं की डबी कपाटात. डबी नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशीच ठेवा, कारण लहान मुलाने मूठभर गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं. तपासणीशिवाय स्वतःच्या मनाने महिनोन्महिने लोह घेऊ नका, जास्त लोहही अपाय करतं. बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा, कारण त्याने काही तपासण्यांचे आकडे चुकतात.

केस लगेच परत येत नाहीत. गळणं थांबायला काही महिने लागतात आणि नवा केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो. धीर धरावा लागतो.

आता आईंकडे परत येते. त्यांना रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या. नंतर डॉक्टरांनी जो प्रश्न विचारला, तो मी आधी विचारायला हवा होता: लोह गेलं कुठे? पाळी येणाऱ्या बाईचं उत्तर बहुतेक वेळा पाळीतच असतं. पण पाळी थांबलेली बाई किंवा कुठल्याही वयाचा पुरुष यांच्यात लोह कमी झालं, तर पोटात कुठे हळूहळू रक्त जातंय का, हे बघावंच लागतं. आईंच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. डोळ्यांना एक थेंब रक्त कधी दिसलं नव्हतं. आतड्याच्या तपासणीचं जे पाकीट सरकारकडून घरी येतं, ते त्यांच्या खणात तसंच पडून होतं. "शी, असलं काय पाठवायचं," म्हणून बाजूला ठेवलेलं. गाठ पसरण्याआधी ऑपरेशन झालं. आज त्यांच्या अंबाड्याला सहा आकडे लागतात. उरलेले दोन वयाने नेले, त्याची त्यांना खंत नाही.

मला मात्र खंत आहे. गंगावन मागवलं त्या दिवशी रक्त तपासलं असतं, तर ते चार-पाच महिने वाया गेले नसते. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या सगळ्यांना ते पाकीट दर दोन वर्षांनी येतं. पुरुष मंडळींनो, तुम्हालाही. घरी जाऊन खण उघडा.

शेवटी, ज्यांच्या घरी "आई, जिन्यात का थांबलात?" असं विचारणारंही कुणी नाही, त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. गेल्या वर्षी शनिवारच्या महाप्रसादाला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने माझ्यापुढे केसांचा पुंजका धरला आणि रडू लागली. टोस्ट, नूडल्स आणि चहा यांवर दिवस काढत होती. घरून तेलाच्या बाटल्या येत होत्या. जीपीकडे नाव नोंदवलं नव्हतं, पैसे पडतील आणि व्हिसाला अडचण येईल या भीतीने. इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत आणि व्हिसा कुठला हेही आड येत नाही. राहण्याच्या पत्त्याचा कागद नसला तरी नोंदणी नाकारता येत नाही. इंग्रजीची अडचण असेल तर दुभाषा मागता येतो, त्याचेही पैसे पडत नाहीत. तिची तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या. आता ती बरी आहे.

अशा मुली, नव्याने आलेल्या सुना, एकट्या राहणाऱ्या आजी आपल्या आसपास आहेत. म्हणून आपल्या ट्रस्टतर्फे माझी चार मागणी आहेत.

पहिली, सोबतीची. जीपीकडे नाव नोंदवायला किंवा तपासणीला बरोबर जाऊ शकणाऱ्या बायकांनी कार्यालयातल्या वहीत नाव लिहावं. महिन्यातून एक सकाळ पुरे.

दुसरी, शिध्याची. महाप्रसादानंतर विद्यार्थ्यांना देण्याच्या पिशव्यांसाठी मटकी, चवळी, मसूर, राजगिरा, तीळ, खजूर आणून द्या. तांदूळ आणि साबुदाणा आपल्याकडे भरपूर आहे. वस्तू आणणं जमत नसेल त्यांनी अन्नदानाच्या पेटीत यथाशक्ती टाकावं.

तिसरी, रक्ताची. आईंना ज्यांचं रक्त मिळालं, त्यांची नावं आम्हाला कधीच कळणार नाहीत. इथे पुरुषांना दर १२ आठवड्यांनी आणि बायकांना दर १६ आठवड्यांनी रक्त देता येतं. त्यासाठी हिमोग्लोबिन पुरुषाचं किमान १३५ आणि बाईचं १२५ लागतं. आपल्या लोकांत बी गट तुलनेने जास्त आढळतो, त्यामुळे आपलं रक्त आपल्याच माणसांच्या उपयोगी पडतं. ज्यांचं लोह कमी आहे त्यांनी आधी स्वतःचं भरावं.

चौथी मागणी स्वयंपाकघराकडे. महाप्रसादाच्या प्रत्येक ताटात लिंबाची फोड वाढा आणि चहा एक तास उशिरा ठेवा. तो एक तास आपण भजनात घालवू.

आज हळदीकुंकू लावताना एकमेकींच्या चेहऱ्याकडे नीट बघा. फिकट वाटला तर "अगं, दमलेली दिसतेस, रक्त तपासलंस का?" एवढं विचारा. आईंना मी विचारलं नव्हतं, तुम्ही विचारा.

आणि चहा अजून एका तासाने!