दोष देण्यापूर्वी रक्त तपासा
(हिवरखेड येथे शिक्षक व लोकप्रतिनिधींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वैद्य नव्हे. शास्त्राने सिद्ध केलेली माहिती सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावांपर्यंत पोहोचविणे, एवढेच माझे काम आहे.

वर्गातील एखाद्या मुलाची उंची वाढत नाही, तो पेंगतो, शिकविलेले विसरतो. आपण त्याला 'मठ्ठ' म्हणून मोकळे होतो. घरातील सून सदा थकलेली असते, तिला थंडी सोसवत नाही. ती आळशी ठरते. अशा प्रत्येकाला आजार असतोच असे नाही. परंतु दोष देण्यापूर्वी गळ्यातील अवटु ग्रंथीची, म्हणजे थायरॉईडची, चौकशी व्हावयास हवी.

ही ग्रंथी आयोडीनपासून टी-३ व टी-४ ही संप्रेरके तयार करते. शरीराची वाढ व ऊब त्यांवर अवलंबून असते. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी 'टीएसएच' हे संप्रेरक धाडून थायरॉईडकडून काम करवून घेते. थायरॉईड मंदावली की हा तगादा वाढतो. म्हणूनच रक्तात टीएसएच वाढलेले आणि टी-४ घटलेले आढळले, की डॉक्टरांना आजार ओळखता येतो.

इतक्या सूक्ष्म द्रव्याचे मोजमाप एके काळी अशक्यप्राय होते. ते शक्य करणारी पद्धत अमेरिकेत रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी शोधली. त्यासाठी यॅलो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या राज्यात परळ येथे १९६३ साली स्थापन झालेल्या, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या किरणोत्सार वैद्यक केंद्राने थायरॉईडच्या निदानात व उपचारात मोलाचे कार्य केले आहे.

खरी निकड आहे ती नवजात बालकांची. साधारण हजार जन्मांमागे एका बालकाची थायरॉईड जन्मतःच अपुरी असते. जन्मतः ते मूल बहुधा निरोगीच दिसते. दोन-तीन दिवसांनी टाचेतून घेतलेले थेंबभर रक्त मात्र सत्य सांगते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाल्यास मूल इतरांसारखे वाढू शकते. विलंब झाल्यास बुद्धीची हानी भरून निघत नाही.

२०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील आजारांच्या यादीत याही विकाराचा समावेश आहे. शिक्षकांनी शंका असलेल्या मुलांची नावे तपासणी पथकापुढे ठेवावीत. लोकप्रतिनिधींनी घरोघरी आयोडीनयुक्त मीठ वापरले जाईल याकडे लक्ष द्यावे. आणि गावात पाळणा हलला, की पेढे घेताना एवढे अवश्य विचारावे: बाळाच्या टाचेचे रक्त तपासले काय?