पेटी टिकावी, रोप जगावे

शहरातील घराला अंगण उरले नाही, तेव्हा बाग गच्चीवर आणि सज्ज्यात चढली. मातीच्या कुंडीच्या शेजारी लाकडी पेटीही आली. लाकूड उष्णतेचे मंद वाहक असल्याने पत्र्याच्या डब्यात जशी मुळे भाजतात तशी ती येथे भाजत नाहीत. परंतु मुंबईच्या काही पावसाळ्यांत पेटीचा तळ खचतो आणि दिल्लीच्या उन्हाळ्यात तिच्या फळ्या उकलतात. मग घरधनी रंगाच्या दुकानाची वाट धरतो. तत्पूर्वी लाकूड कशाने कुजते, हे समजून घेणे इष्ट होय.

लाकूड नुसत्या पाण्याने कुजत नाही. त्याला कुजवते ती बुरशी. तिला ओल हवी आणि हवाही हवी. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांहून कमी राहिला, तर तिचे काही चालत नाही. तेव्हा खरा शत्रू पाऊस नव्हे, तर साचून राहिलेली ओल होय. होडीचा दाखला येथे अपुरा पडतो. होडीला पाणी बाहेरून भिडते. पेटीला ते आतून, रोज आणि मालकाच्याच हातून मिळते.

बुरशीला विषाने मारण्याचा मार्गही आहे आणि त्यातील एक मोठा शोध भारतातलाच आहे. १९३३ साली देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम् यांनी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या संयुगांचे मिश्रण सिद्ध केले. पुढे जगभर खांब आणि तुळया त्याने टिकवल्या. पण आर्सेनिक म्हणजे सोमलातले विष. लाकडातून ते थोडेथोडे मातीत झिरपते. अमेरिकेतील उत्पादकांनी २००३ च्या अखेरीस घरगुती कामाच्या लाकडाला हे मिश्रण देणे थांबवले. खांबाला जे औषध, ते कोथिंबिरीच्या पेटीला अपथ्य. क्रिओसोट मुरवलेले रेल्वेचे जुने स्लीपर याच कारणाने वर्ज्य समजावेत. परदेशी मालाच्या खोक्यांवर शिक्का पाहावा : ‘एच-टी’ या रोमन अक्षरांचा अर्थ लाकूड तापवून निर्जंतुक केले आहे, तर ‘एम-बी’ म्हणजे त्याला मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. घेणे झाल्यास पहिले घ्यावे.

मग करावे काय? लाकूड सागाच्या गाभ्याचे असावे; बाहेरचा फिकट भाग सागाचा असला तरी लवकर कुजतो. आंब्याची किंवा चिडाची फळी स्वस्त पडते, पण तिला अधिक जपावे लागते. तळाला भोके पाडावीत आणि पेटी विटांवर ठेवावी, म्हणजे खालून वारा खेळतो आणि वाळवी आली तर दिसते. फळ्यांची कापलेली टोके पाणी सर्वांत लवकर शोषतात. तेलाचा हात तेथे दोनदा फिरवावा. यासाठी कच्चे जवसाचे तेल चांगले. ‘उकळलेले’ म्हणून विकले जाणारे तेल लवकर वाळते, पण त्यात बहुधा धातूंचे क्षार मिसळलेले असतात. तेल कोरड्या लाकडाला, पावसाळ्यापूर्वी, बाहेरच्या बाजूने लावावे आणि ते पुरते वाळेपर्यंत माती भरू नये. तेलाचे बोळे पसरून वाळवावेत. ढीग करून ठेवल्यास ते आपोआप पेट घेतात.

आतून मात्र काही न लावणेच बरे. मातीची कुंडीच पेटीत ठेवावी आणि दोहोंत बोटभर जागा सोडावी. मग ओली माती लाकडाला शिवत नाही आणि लाकडाला लावलेले तेल मुळांपर्यंत पोचत नाही. थेट माती भरायचीच असेल, तर आत जाड प्लास्टिकचे अस्तर द्यावे. तळाच्या भोकांसमोर तेही भोसकावे, अन्यथा मुळे गुदमरतात.

इतके करूनही उन्हाने लाकूड करडे पडेल. तो केवळ पृष्ठभागाचा रंग आहे. त्याने फळी दुबळी होत नाही. पुढे केव्हातरी एखादी फळी बदलावीही लागेल. सुतार ती अर्ध्या दिवसात बदलून देतो. विषारलेली माती अशी बदलता येत नाही आणि तिच्यात वाढलेल्या तुळशीचे पान तर घरातले मूल तोंडात घालते.