संशोधकांचे स्वभाव आणि एका औषधाची कथा
(संस्थेच्या वार्षिक सभेतील भाषणाचा संक्षिप्त भाग)



संशोधक म्हटला की सूक्ष्मदर्शकावर वाकलेला, एकांतप्रिय माणूस आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. पेनिसिलिनचा इतिहास मात्र निराळे सांगतो. एकाच प्रकृतीच्या माणसांकडून ते औषध रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचलेच नसते.

सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जंतूंच्या बशीत बुरशी वाढलेली दिसली. तिच्याभोवतीचे जंतू विरघळले होते. टाकाऊ वस्तूकडेही कुतूहलाने पाहणारी त्यांची नजर होती, म्हणून हे टिपले गेले. परंतु ते मितभाषी होते. आपल्या शोधाची बाजू आग्रहाने मांडणे त्यांना साधले नाही आणि औषधी द्रव्यही शुद्ध स्वरूपात हाती आले नाही.

दहा वर्षांनी ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी या करड्या, निश्चयी संघटकाने सूत्रे हाती घेतली. अर्न्स्ट चेन हे कल्पक, पण तापट रसायनतज्ज्ञ. दोघांचे खटके उडत. नॉर्मन हीटली शांत आणि हातांचे कुशल. युद्धकाळी भांडी अपुरी पडली, तेव्हा त्यांनी रुग्णालयातील बेडपॅनमध्येही बुरशी वाढवली. २५ मे १९४० रोजी आठ उंदरांना घातक जंतू टोचले. औषध दिलेले चार वाचले, उरलेले चार दगावले.

फेब्रुवारी १९४१ मध्ये एका पोलीस शिपायास हे औषध दिले. तो सुधारू लागला, पण साठा संपला. त्याच्या मूत्रातून औषध परत काढूनही ते पुरले नाही. मार्चमध्ये तो निवर्तला. कल्पना पुरेशी नसते, ती पुरवणारे हातही लागतात, हे त्या मृत्यूने शिकविले.

१९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना मिळाले. हीटलींचा गौरव ऑक्सफर्डने १९९० साली सन्मान्य डॉक्टरेट देऊन केला.

हे सांगताना आम्ही स्वतःकडेही पाहतो. बैठकीत जो ठासून बोलतो, त्याचेच आम्ही आजवर अधिक ऐकले. प्रयोगशाळेतील अबोल सहाय्यकाने नोंदवहीत लिहिलेली शंका अनेकदा न वाचताच पान उलटले गेले. यापुढे मासिक बैठकीचा आरंभ अशा नोंदींच्या वाचनाने व्हावा, अशी आमची नम्र सूचना आहे. स्वभाव बदलणे आपल्या हाती नसेल. प्रत्येक स्वभावाला योग्य जागा देणे मात्र निश्चितच आहे.