मुदत संपलेले नाव आणि त्याची पत

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नांदगाव पेठ येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाह, शेती, व्यसनमुक्ती अशा विषयांवर जाणत्या मंडळींची भाषणे झाली आहेत. आम्ही तसे जाणते नव्हे. सन १९७५ साली मॅट्रिक झालो, अध्यापक विद्यालयात शिकलो आणि सुमारे अडतीस वर्षे जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांत मुलांना बाराखडी व बेरीज-वजाबाकी शिकविली. अशा माणसाने इंटरनेटवरील नावांच्या खरेदी-विक्रीविषयी बोलावे हे ऐकून तरुण मंडळींना हसू येत असेल. ते साहजिक आहे. परंतु हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. आमच्या हातून घडलेल्या एका चुकीने तो आमच्या गळ्यात पडला आहे, आणि ती चूक आपणांसमोर कबूल केल्याशिवाय पुढचे बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आपल्या मंडळाचे वधूवर सूचक संकेतस्थळ काही वर्षांपूर्वी एका होतकरू मुलाने विनामोबदला तयार करून दिले. त्याचे नाव त्याने स्वतःच्याच ईमेलवर नोंदविले. पुढे तो नोकरीनिमित्त परदेशी गेला व तो ईमेल त्याने बंद केला. तीन वर्षांपूर्वी आम्ही मंडळाचे हिशेबतपासनीस होतो. खर्चाच्या अंदाजात ‘संकेतस्थळ नाव नूतनीकरण, रुपये नऊशे’ अशी नोंद दिसली. मास्तरकीची सवय जात नाही. आम्ही तांबड्या शाईने बाजूला लिहिले, ‘गेल्या वर्षी दिले होते, पुनः कशासाठी?’ त्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही, रक्कम अडून राहिली आणि नाव सुटले. ते नाव आज कोणा अनोळखी इसमाकडे असून त्यावर पैसे लावून खेळावयाच्या पत्त्यांची जाहिरात दिसते. मागील तीन स्मरणिकांच्या मलपृष्ठावर मात्र तोच पत्ता ठळक छापलेला आहे.

हे नाव म्हणजे काय, ते प्रथम सांगतो. इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांना आकड्यांचे पत्ते असतात. ते माणसाच्या स्मरणात राहात नाहीत, म्हणून त्यांच्या जागी अक्षरांची नावे योजिली. त्यांस डोमेन म्हणतात. ‘डॉट कॉम’ शेपटाचे पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. जगभरच्या या व्यवस्थेवर १९९८ साली स्थापन झालेली ‘आयकॅन’ ही संस्था देखरेख करते. आपल्या देशाच्या ‘डॉट इन’ नावांचा कारभार २००३ साली स्थापन झालेल्या ‘निक्सी’ या संस्थेकडे आहे. २००५ पासून ही नावे सर्वांस मोकळेपणाने मिळू लागली, आणि २०१४ साली देवनागरी लिपीतील ‘डॉट भारत’ हे शेपूटही उपलब्ध झाले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हे नाव आपण खरेदी केले असे म्हणतो खरे, पण ते मालकीचे होत नाही. वावर मक्त्याने करावे तसा हा प्रकार आहे. एका वेळी फार तर दहा वर्षांचा मक्ता मिळतो. मुदत भरली आणि पैसे भरले नाहीत की हक्क सुटू लागतो. ‘डॉट कॉम’ नावांच्या बाबतीत बहुतेक नोंदणीकार ३० ते ४५ दिवस साध्या शुल्कात नाव परत देतात. त्यानंतर ३० दिवस जबर दंड घेऊन नाव सोडविता येते. शेवटचे ५ दिवस कोणासच काही करता येत नाही, आणि मग ते नाव सर्वांस खुले होते. पुष्कळदा तर नोंदणीकार मधल्या काळातच नावाचा लिलाव मांडतात. असा विसर पडणे हे केवळ आपल्यासारख्या लहान मंडळाचेच लक्षण आहे असेही नाही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीचे एक नाव ३५ डॉलर न भरल्यामुळे बंद पडले, हॉटमेल वापरणाऱ्या अनेकांना आपली पत्रे उघडता येईनात, आणि अखेर एका परक्या संगणकतज्ज्ञाने स्वतःच्या खिशातून ते पैसे भरले. आपल्या नशिबी असा सज्जन आला नाही.

आता प्रश्न असा की, दुसऱ्याने टाकून दिलेल्या नावाला लिलावात किंमत का यावी? याचे उत्तर गूगलच्या शोधपद्धतीत आहे. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोघा विद्यार्थ्यांनी १९९८ साली मांडलेला विचार असा की, ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवितात ते पान महत्त्वाचे समजावे; आणि बोट दाखविणारा जितका प्रतिष्ठित, तितके त्याच्या शिफारसीचे वजन अधिक. आपणही स्थळ पाहताना हेच करतो. चौकातल्या उडाणटप्पूने केलेली स्तुती आणि गावातील जुन्या वैद्याने सांगितलेला एक शब्द, यांत फरक करतोच. एखाद्या संस्थेने दहा वर्षे चांगले काम केले, तर विद्यापीठे, वृत्तपत्रे, ग्रंथालये आपल्या पानांवर तिचा दुवा देतात. संस्था बंद पडली, नाव सुटले, तरी ते दुवे तसेच राहतात. या उरलेल्या शिफारसी आयत्या मिळाव्यात म्हणून व्यापारी लोक अशा नावांवर टपून असतात.

आपले नाव गेल्यावर कार्यकारिणीकडे अशाच एका दलालाचा निरोप आला. दुसरे एक मुदत संपलेले नाव चाळीस हजार रुपयांत मिळेल, त्याचे गुणांकन शंभरात अडतीस आहे, त्यावर वधूवर संकेतस्थळ चढविले की शोधात आपण सर्वांत वर येऊ, असे त्याचे म्हणणे. तरुण मंडळींस ते पटले. ज्याने नऊशे रुपये अडविले त्यानेच चाळीस हजारांची पारख करावी, असे ठरून ते काम आमच्याकडे आले. आम्ही अमरावतीस अभियांत्रिकी शिकणाऱ्या आमच्या नातीला गुरू केले व तिच्याजवळ बसून आठ दिवस हा अभ्यास केला.

बैलबाजारात बैल घेताना आपण शिंगांना लावलेल्या रंगावर भुलत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो, आधीच्या धन्याची चौकशी करतो. नावाची पारखही याच रीतीने करावयाची असते. त्या अडतीस गुणांचे प्रथम पाहिले. असे गुण देणाऱ्या मॉझ, एअरेफ्स इत्यादी खासगी कंपन्या आहेत. ते गुण गूगलचे नव्हेत. गूगल पूर्वी आपले गुण लोकांस दाखवीत असे, ते त्याने २०१६ साली बंद केले. तेव्हा दलालाचा आकडा हा पोराने स्वतःच भरून आणलेल्या प्रगतिपुस्तकासारखा नसला, तरी परीक्षा घेणाऱ्या शाळेचा तो नव्हे, एवढे समजले.

दुसरी पाहणी इतिहासाची. जमीन घेताना वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घेतात, तशी सोय येथेही आहे. १९९६ साली अमेरिकेत स्थापन झालेली ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही संस्था जगातील पानांच्या नकला जपून ठेवते आणि २००१ पासून त्या कोणासही विनामूल्य पाहता येतात. त्या नावाच्या जुन्या नकला नातीने एकामागून एक उघडल्या. आरंभी तेथे परप्रांतातील एक खेड्यातली शाळा होती. मुलांची कवायत, प्रयोगशाळेचे उद्‌घाटन, दहावीचे निकाल अशी छायाचित्रे होती. पुढे दोन वर्षे कोरी पाने. त्यानंतर एका परकी भाषेत बुटांची दुकानदारी, आणि शेवटी जुगार.

तिसरी पाहणी दुव्यांची. किती दुवे आहेत हे महत्त्वाचे नाही. कोणाचे आहेत व कोणत्या शब्दांनी दिले आहेत हे पाहावे लागते. शेकडो दुव्यांपैकी शाळेच्या काळातले, खऱ्या संस्थांनी दिलेले, बोटांवर मोजण्याइतके निघाले. उरलेले सर्व जुगाराच्या व बनावट पानांवरून आलेले. चौथी पाहणी अशी की, ते नाव गूगलच्या यादीत उरले आहे काय हे शोधून पाहणे. ते कोठेच आढळले नाही. पाचवी, त्या नावावरून फसवी पत्रे गेल्यामुळे ते ईमेलच्या काळ्या यादीत पडले आहे काय, आणि सहावी, ते कोणाचे नोंदलेले व्यापारचिन्ह तर नाही ना, हे पाहणे. या शेवटच्या दोन पाहण्यांची वेळच आली नाही.

आम्ही नकारार्थी अहवाल दिला. बैल खोडीचा निघाला हे एक कारण झाले. परंतु तो निर्दोष निघाला असता तरी आम्ही हेच सांगितले असते. ५ मार्च २०२४ रोजी गूगलने आपले नियम कडक केले. शोधात वर येण्याच्या मुख्य हेतूने मुदत संपलेले नाव घेऊन त्यावर निरुपयोगी मजकूर घालणे हा त्यांनी गैरवापर ठरविला आहे. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत एक असे आहे, की पूर्वी प्राथमिक शाळेचे असलेल्या संकेतस्थळावर जुगाराचा मजकूर घालणे. ते वाचून आमच्यातील मास्तराला काय वाटले असेल ते आपण जाणू शकाल. त्या शाळेच्या कोणा मास्तरांनी, आमच्यासारख्याच, मुलांना ओळीत उभे करून छायाचित्रे काढली असतील. त्यांच्या कष्टांची पुण्याई चाळीस हजारांत घेऊन आपल्या मुलामुलींची स्थळे जुळवावी, हे आपल्या मंडळास शोभले नसते. सुटलेले नाव म्हणजे ई-वर्गाची जमीन नव्हे, की जो येईल त्याने आपली ढोरे चारावीत.

याचा अर्थ सर्वच जुनी नावे वर्ज्य आहेत असे नाही. आपलेच सुटलेले नाव परत घेणे योग्य आहे. बंद पडलेल्या वाचनालयाचे नाव घेऊन कोणी खरोखर वाचनालयच चालवीत असेल, तर त्यात गैर काही नाही. कार्य तेच असेल तर जुन्या शिफारसी खोट्या ठरत नाहीत.

मग आपले नाव कायद्याने परत मिळणार नाही काय, असे पुष्कळांनी विचारले. कायदा आहे. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने ‘रेडिफ’च्या नावाशी मिळतेजुळते नाव घेणाऱ्यास मनाई केली व डोमेन हे नुसत्या पत्त्याहून अधिक आहे असे मानले. २००४ साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही अशा नावांस व्यापारचिन्हासारखे संरक्षण दिले. परंतु तेथे नावाची पत व दुसऱ्याचा वाईट हेतू शाबीत करावा लागतो, आणि त्याचा खर्च नऊशे रुपयांत होत नाही.

बंधुभगिनींनो, शोधात मागे पडलो ही हानी आम्ही लहान समजतो. मोठी हानी निराळीच आहे. नाव गेले की त्या नावाचा ईमेलही जातो. नवा धनी इच्छील तर जुन्या पत्त्यावर येणारे प्रत्येक पत्र त्याच्या हाती पडते. मागील वर्षी परतवाड्याहून एक भगिनी आल्या व म्हणाल्या, ‘गुरुजी, मुलीचा फोटो अन् पत्रिका पाठवून सहा महिने झाले, मंडळ साधी पोच देत नाही.’ त्यांनी ती स्मरणिकेवरील जुन्या पत्त्यावर पाठविली होती. त्या मुलीचे छायाचित्र, जन्मवेळ, वडिलांचा दूरध्वनी हे सारे कोणाकडे गेले, की कोठेच गेले नाही, हे आम्हांस सांगता आले नाही. त्या माउलीपुढे मान खाली घालून उभे राहण्याची वेळ आमच्या तांबड्या शाईने आणली.

म्हणून काही सूचना करून थांबतो. मंडळाची नवी दोन नावे, एक ‘डॉट इन’ व एक ‘डॉट भारत’, घेतली आहेत. ती मंडळाच्या नावाने, अध्यक्ष व चिटणीस अशा दोघांच्या ईमेलवर, दहा वर्षांसाठी नोंदविली आहेत. शाळेत बाके, घंटा व नकाशे जडवस्तू नोंदवहीत लिहितात, तशी ही नावे मुदतीच्या तारखेसह आम्ही मंडळाच्या नोंदवहीत लिहिली आहेत. कार्यभार देताघेता ती वही वाचून दाखवावी. ज्यांच्या घरी जुन्या स्मरणिका आहेत त्यांनी मलपृष्ठावरील पत्ता आजच खोडावा आणि त्यावर कोणतीही माहिती पाठवू नये. आपल्यापैकी जे संत्र्याचे व्यापारी, डॉक्टर, दुकानदार आहेत त्यांनी आपले नाव कोणाच्या ईमेलवर आहे ते आज रात्रीच पाहावे. जे सहकारी बँकांचे संचालक आहेत त्यांस विशेष विनंती. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांस ‘बँक डॉट इन’ या राखीव शेपटाची नावे घेण्यास ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली होती. नवे नाव घेतले म्हणून जुने सोडू नका. ठेवीदार म्हातारे असतात. त्यांच्या पासबुकावर व स्मरणात जुनेच नाव राहते.

शोधात आपण आज पाचव्या पानावर आहोत. गावोगावच्या शाखांनी, शाळांनी व वाचनालयांनी आपल्या पानांवर मंडळाचा दुवा दिला, तर हळूहळू वर येऊ. त्यास वेळ लागेल. चालेल.

परतवाड्याच्या त्या भगिनी आज येथे समोर बसल्या आहेत. त्यांच्या मुलीचा विवाह येत्या वैशाखात ठरला आहे. स्थळ मंडळाने सुचविलेले नाही, तरी आम्हांस अगत्याचे निमंत्रण आहे. त्यांच्या या थोरपणास वंदन करून आम्ही आपली रजा घेतो.